सोडून आलेली बाग

बँकेतील नोकरीच्या काळात आम्ही अकरा वेळा घर बदलले. दर बदलीला मी सामानाची यादी करीत असे. कपाट, पलंग, शिलाई मशीन, तांब्याचा बंब, देव्हारा, पुस्तकांच्या पेट्या, असे एकेक नाव लिहून त्यापुढे खूण करायची, नव्या गावी सामान उतरले की पुन्हा पडताळायचे. वाणिज्य शाखेचा पदव्युत्तर विद्यार्थी आणि जन्मभर ताळेबंदात रमलेला माणूस याहून वेगळे काय करणार? या याद्यांचा मला अभिमान होता. परंतु जून १९९६ मधील एका यादीत एक मोठी नोंद राहून गेली होती, हे कळायला मला जवळजवळ तीन दशके लागली. त्या राहिलेल्या नोंदीविषयी आज लिहीत आहे.

१९८९ साली माझी नेमणूक मुरबाडला झाली आणि आम्ही म्हसा येथे भाड्याने घर घेतले. मुरबाडहून कर्जतच्या रस्त्याला लागले की म्हसा लागते. ठाणे जिल्ह्याला हे गाव यात्रेमुळे ठाऊक आहे. पौष पौर्णिमेला म्हसोबाची, म्हणजे खांबलिंगेश्वराची, यात्रा भरते. बैलांचा मोठा बाजार, घोंगड्या, शेतीची अवजारे, मिठाईची दुकाने यांनी सारा माळ फुलून जातो. वर्षातील उरलेले दिवस मात्र गाव शांत. समोर भाताची खाचरे, पलीकडे सागाची आणि मोहाची झाडे, आणि क्षितिजावर गोरखगड-मच्छिंद्रगडाचे सुळके.

आमचे मूळ गाव सांगली जिल्ह्यातील. सौ.चे माहेरही तिकडचेच. पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणारे जैन शेतकऱ्यांचे घर. कृष्णाकाठच्या काळ्या मातीत ऊस आणि हळद पाहत वाढलेली मुलगी म्हशाच्या लाल मुरमावर येऊन उभी राहिली, तेव्हा तिने प्रथम खाली वाकून मूठभर माती उचलली आणि बोटांनी चुरून पाहिली. मी तोवर घराची कौले मोजत होतो.

घर कौलारू होते आणि मागे अडीच-तीन गुंठ्यांचे परस होते. त्यात दगड, टाकळा आणि घाणेरी यांखेरीज काही नव्हते. कडेला घरमालकांची विहीर आणि विहिरीच्या भिंतीलगत आपोआप उगवलेला एक उंबर. पहिल्या वर्षी सौ.ने केवळ दगड वेचले. मालकांच्या गोठ्यातून शेणखत आणले. त्या भागात भाताची रोपे करण्यापूर्वी जमिनीवर पालापाचोळा आणि शेण पसरून जाळतात, त्याला राब म्हणतात. मालकांनी आपुलकीने सुचवले की परसातला पाला असाच भाजून टाका, माती सुधारेल. सौ. म्हणाली, ‘‘त्यात किती जीव असतात, काका. मी खड्ड्यात कुजवीन.’’ मालक हसले. दोन वर्षांनी त्या खड्ड्यातील खत पाहून त्यांनी स्वतःच्या भाजीच्या वाफ्यासाठी चार घमेली मागून नेली.

बागेची रचना आमच्या स्वयंपाकघराप्रमाणे झाली. कांदा, लसूण, बटाटा, मुळा, गाजर यांना जागाच नव्हती, त्यामुळे सारी मेहनत वेलांवर आणि झाडांवर. मांडवावर दुधी, दोडका, पडवळ आणि तोंडली. कुंपणाला गवार आणि वाल. मोरीच्या पाण्यावर केळी. दाराशी कढीलिंब, मागे शेवगा आणि लिंबू. फुलांसाठी मोगऱ्याची एक लांब रांग, पारिजातक, जास्वंद आणि कवठी चाफा. १९९० च्या आषाढात तिने विहिरीपासून थोड्या अंतरावर बकुळीचे वीतभर रोप लावले. बकूळ फार सावकाश वाढते. मी म्हणालो, ‘‘आपण इथे असेपर्यंत हिला फूल दिसणार नाही.’’ ती म्हणाली, ‘‘कुणाला तरी दिसेल.’’

पावसाळ्यात परस हिरवेगार होई, आणि नेमका तोच आमचा चातुर्मास. पालेभाजी वर्ज्य, अष्टमी-चतुर्दशीला हिरवे काहीच नाही. त्यामुळे माठ आणि अळू शेजाऱ्यांच्या घरी जाई. आमच्या बागेतील पहिल्या पावसाची भाजी सात वर्षांत आम्ही कधी खाल्ली नाही. सारी आळी मात्र तिची चव जाणत होती. उंबराची फळे तर आम्हाला वर्ज्यच, ती पाखरांची. उन्हाळ्यात विहीर तळाला जाई. तेव्हा सौ. तांदूळ धुतल्याचे, भांडी विसळल्याचे पाणी साठवून एकेका आळ्यात ओती. पिण्याचे पाणी गाळल्यावर गाळण्यात राहिलेले जीव पुन्हा विहिरीत सोडण्याचा, म्हणजे जिवाणीचा, नेम तिने एक दिवसही चुकवला नाही. घरमालकीण आजी प्रारंभी कौतुकाने पाहत. पुढे सौ. माहेरी गेली की त्या मला दटावत, ‘‘साहेब, तुमचं ते जिवाणी सोडलं का?’’

आता त्या यादीकडे वळतो. १९९६ च्या मे महिन्यात माझी लिपिक संवर्गातून अधिकारी संवर्गात पदोन्नती झाली. बढतीबरोबर बदली येणार, हे सर्वांना ठाऊक असते. पुष्कळ सहकारी घर, शेती किंवा आई-वडील यांच्यासाठी बढती नाकारीत. संमतीपत्रावर सही करण्यास आठवड्याची मुदत होती. मी त्याच दुपारी सही केली, मुरबाडच्या बाजारातून अर्धा किलो पेढे घेतले आणि संध्याकाळी घरी आलो. सौ. मोगऱ्याला पाणी घालत होती. तिने हात धुतले, पेढ्यांचा पुडा देवापुढे ठेवला आणि एवढेच विचारले, ‘‘केव्हा निघायचे?’’

मी तो होकार समजलो.

नेमणूक लातूर जिल्ह्यात झाली. शाखेतील कार्यभार सोपवताना चाव्या, शिक्के, तारण सोन्याची पाकिटे, डेड स्टॉक रजिस्टर यांपैकी एक कागदही मी राहू दिला नाही. घरी सामानाची यादी तशीच काटेकोर. मालकांशी भाड्याचा हिशेब झाला. भिंतीला पडलेल्या खिळ्यांच्या भोकांचे पैसेही मी आठवणीने वळते करायला लावले. बागेचा उल्लेख कुठेच नव्हता. ट्रकमध्ये तुळशीची कुंडी आणि मोगऱ्याची एक कुंडी मावली. मृग लागला होता, आणि आदल्याच आठवड्यात सौ.ने दुधी-पडवळाचे बी टोकले होते. दोन-दोन पाने वर आली होती. ट्रक सुरू झाला तरी ती परसातून येईना, म्हणून मी हाक मारली आणि वर म्हणालो, ‘‘अगं, झाडे काय, तिथेही लावता येतील.’’ ती आली तेव्हा तिचे पाय चिखलाने भरलेले होते. शिवाय वाटेत तिचे मन जड झालेले पाहून मी तिला उपदेशही केला, की हा मोह आहे, परिग्रह कमी करावा.

त्यानंतर पुढील तेवीस वर्षांत अनेक गावे झाली. काही ठिकाणी बँकेच्या भाड्याच्या घरांना चांगली मोकळी जागा होती. सौ.ने कुंड्या ठेवल्या, तुळस ठेवली, परंतु जमिनीत एकही झाड लावले नाही. माझ्या हे ध्यानातही आले नाही. २०१९ मध्ये निवृत्त होऊन आम्ही डोंबिवलीला, एमआयडीसीच्या निवासी भागात, स्थायिक झालो. गेल्या वर्षी सोसायटीच्या आवारात वृक्षारोपण ठरले आणि प्रत्येक कुटुंबाने एक झाड लावावे असे सुचवले गेले. मी उत्साहाने आमचे नाव दिले. सौ. शांतपणे म्हणाली, ‘‘माझे नको. लावलेले झाड सोडून जाणे मला जमत नाही. एकदा गेले तेवढे पुरे.’’

मी गप्प झालो. तिने एका वाक्यात अठ्ठावीस वर्षांचा शिल्लक हिशेब माझ्यापुढे ठेवला होता.

म्हशाला जाऊन येऊ, असे मीच सुचवले. ती बरेच दिवस टाळत होती. ‘‘जे मनात आहे ते तसेच राहू द्या,’’ म्हणत होती. अखेर जानेवारी २०२५ मध्ये, पौष पौर्णिमा होऊन गेल्यावर, आम्ही निघालो. कल्याण, शहाड ओलांडून मुरबाडचा रस्ता धरला. दोन्ही बाजूंना फार्महाऊसच्या भूखंडांचे फलक होते. प्रत्येकावर हिरवळ, झाडे आणि ‘निसर्गाच्या कुशीत घर’ असे शब्द. भात कापून झालेल्या खाचरांतून वालाचे वेल पसरले होते, आंब्यांना मोहोर धरला होता. म्हशाच्या माळावर यात्रेतील दुकाने अजून उभी होती. सौ. खिडकीबाहेर पाहत होती आणि एक शब्दही बोलत नव्हती. मला परीक्षेच्या निकालासारखी धाकधूक वाटत होती.

कौलारू घर राहिले नव्हते. त्या जागी स्लॅबचे दुमजली घर उभे होते. जिथे मोगऱ्याची रांग होती तिथे सिमेंटचा कोबा आणि त्यावर ट्रॅक्टर. लिंबू, पारिजातक, मांडव, केळी, काहीच नव्हते. विहिरीवर लोखंडी जाळी बसवली होती आणि शेजारी बोअरवेलचा पंप. मी सौ.कडे पाहण्याचे धाडस केले नाही. कोब्याच्या कडेने नजर वर गेली आणि मग दिसले, की घराचा मागचा कोपरा सरळ नाही. तिथे भिंत दोन-अडीच फूट आत घेतली होती आणि त्या खाचेतून एका काळसर, भक्कम बुंध्याचे झाड गच्चीच्याही वर गेले होते. दाट, गोलाकार, चकाकत्या पानांचा पसारा. आमची बकूळ.

घरातून पन्नाशीच्या एक बाई बाहेर आल्या. मी ओळख सांगू लागलो, तोच सौ. काहीतरी बोलली आणि तो आवाज ऐकताच त्या म्हणाल्या, ‘‘ताई!’’ मालकांच्या या सूनबाई आम्ही घर सोडण्याच्या दोनच वर्षे आधी लग्न होऊन आल्या होत्या. परसात सौ.जवळ येऊन बसत. मालक आणि आजी केव्हाच निवर्तले, हे त्यांच्याकडून कळले.

‘‘घर बांधायला काढलं तेव्हा ही बकूळ पाडायची म्हणत होते,’’ त्या सांगू लागल्या. ‘‘नकाशात बसत नव्हती ना. मी पाडू दिली नाही. सासूबाई सांगून गेल्या होत्या, ही ताईंची ठेव आहे, हिला हात लावायचा नाही. मग मिस्त्रीने भिंत आत घेतली. खोली लहान झाली थोडी. असू दे.’’

‘ठेव’ हा शब्द मी पस्तीस वर्षे रोज उच्चारला. मुदत ठेव, आवर्ती ठेव, चालू ठेव. ज्या ठेवीची पावती नाही, व्याजाचा दर नाही आणि ठेवीदाराचा पत्ताही ठाऊक नाही, ती इतक्या निष्ठेने सांभाळलेली मी प्रथमच पाहिली. भिंतीवरील भोकांचे पैसे वळते करण्याचा माझा आग्रह याच घरातील माणसांशी होता, हेही तेव्हाच आठवले.

सौ. बकुळीजवळ गेली. दोन्ही हातांनी बुंध्याला वेढा घालून पाहिला, जणू नातवंडाची उंची मोजावी तशी. मग विहिरीकडे वळली. उंबर तेव्हापेक्षा दुप्पट झाला होता आणि त्यावर पाखरांचा गलबला होता. ‘‘याला तर आपण लावलेही नव्हते,’’ ती हसून म्हणाली. त्या दिवसातले ते तिचे पहिले हसू.

चहा घेताना सौ.ने सूनबाईंना माहेरची चौकशी केली. त्या क्षणभर थांबल्या. ‘‘तुम्हाला बघायला यायला झाड तरी आहे, ताई. माझं माहेर बारवीत गेलं.’’

वाचकांपैकी जे ठाणे जिल्ह्यात राहतात त्यांना बारवी धरण ठाऊक असेल. औद्योगिक विकास महामंडळाने हे धरण १९७२ मध्ये बांधले, आणि मागणी वाढत गेली तशी त्याची उंची टप्प्याटप्प्याने वाढवण्यात आली. २०१९ च्या पावसाळ्यात वाढीव उंचीपर्यंत पाणी चढले, तेव्हा मुरबाड तालुक्यातील तोंडली, मोहघर, काचकोली अशा गावपाड्यांतील घरे आणि शेते त्याखाली गेली. पुनर्वसन, मोबदला, नोकऱ्या यांचा लढा तेथील लोकांनी वर्षानुवर्षे लढवला. मोबदल्याच्या कागदांत घर असते, जमीन असते, मोजणीत बसतील ती झाडेही असतात. सूनबाई जे सांगत होत्या ते कोणत्याही मोजणीत बसणारे नव्हते. ‘‘परसात आईने लावलेला फणस होता. उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्याचं वाळलेलं खोड वर येतं. आई दोनदा जाऊन बघून आली. तिसऱ्या वर्षी म्हणाली, आता नको नेऊ मला.’’

हे ऐकताना मला एक गोष्ट आठवली आणि घशात चहा अडला. डोंबिवलीच्या आमच्या भागाला येणारे पाणी बारवीचे. धरणातून ते नदीमार्गे खाली सोडतात, जांभूळच्या केंद्रात शुद्ध करतात आणि जलवाहिन्यांनी आमच्या घरी पोहोचवतात. गेली सहा वर्षे आमच्या गॅलरीतील तुळस आणि मोगरा ज्या पाण्यावर तगून आहेत, ते त्या फणसावरून आलेले आहे. पाणी गाळून पिणारे आम्ही; परंतु ते कोणाच्या परसातून येते, हा विचार कधी मनात आला नव्हता. सौ.ला हे मी तिथेच सांगितले. तिने सूनबाईंचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

निघताना सूनबाईंनी बकुळीखाली आपोआप उगवलेले हातभर उंचीचे एक रोप मातीच्या गड्ड्यासह काढून, ओल्या गोणपाटात बांधून दिले.

परतीच्या वाटेवर मुरबाड आले, बाजारपेठ दिसली, आणि मला धीर आला. मी म्हणालो, ‘‘माझे चुकले.’’

‘‘कशाबद्दल?’’

‘‘पेढ्यांबद्दल.’’

ती काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘अहो, तुम्ही विचारले असते तर मी हो म्हटले असते. मुलांचे शिक्षण होते, तुमची पुढची नोकरी होती, मला का कळत नव्हते? पण विचारायला हवे होते.’’

वाचकहो, दरवर्षी पर्युषणानंतर आपण क्षमा मागतो. सर्व जीवांची मागतो, नातेवाइकांना दूरध्वनी करतो, संदेश पाठवतो. मीही पाठवीत आलो. ज्या व्यक्तीला खरोखर दुखावले होते तिच्यापाशी, नेमक्या चुकीचे नाव घेऊन, क्षमा मागण्यास मला एकोणतीस वर्षे लागली. ‘जाणता-अजाणता काही चुकले असल्यास’ या शब्दांआड फार सोयीने लपता येते.

आणि तो मोहाविषयीचा उपदेश? उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाच्या मर्यादा सांगताना आरंभीच क्षेत्र आणि वास्तू, म्हणजे जमीन आणि घर, यांचा उल्लेख येतो. आणि परिग्रहाचे मूळ वस्तूत नसून मूर्च्छेत, आसक्तीत आहे, असेही तिथेच सांगितले आहे. मी सौ.ची आसक्ती पाहिली. पण जिने भाजी वाटून टाकली, उंबर पाखरांना दिला, फूल आपल्याला दिसणार नाही हे ठाऊक असूनही बकूळ लावली आणि निघताना एका झाडावरही हक्क सांगितला नाही, तिच्यापाशी परिग्रह किती होता? आणि अधिकारीपदाच्या कागदावर आठवड्याची मुदत असताना त्याच दुपारी सही करणाऱ्यापाशी किती? हा हिशेब मी आता लिहून ठेवला आहे. बाजू जमेची नाही.

ज्यांच्या घरी स्थलांतर ठरले आहे, त्यांना अनुभवाने दोन-तीन गोष्टी सुचवतो. सामानाच्या यादीआधी परसात किंवा गॅलरीत एक फेरी मारा, आणि ज्याने झाडे लावली त्याला बरोबर घ्या. कोणते झाड कोणाच्या स्वाधीन करायचे हे ठरवून त्या माणसाला प्रत्यक्ष भेटून सांगा. आजींनी सुनेला सांगून ठेवले म्हणूनच बकूळ वाचली. चाफ्यासारख्या झाडाची फांदी चीक वाळवून कुंडीत लावली तर सहज रुजते, बिया कागदी पुडीत वर्षभर टिकतात. एवढे ओझे कोणत्याही ट्रकला जड नाही. आणि नव्या घरी आधीच्या कुणाचे झाड उभे असेल, तर ते पाडण्यापूर्वी भिंत दोन फूट आत घेता येते का, हे मिस्त्रीला एकदा विचारून पाहा.

म्हशाचे ते रोप काही महिने कुंडीत ठेवले. यंदाच्या आषाढात सौ.ने स्वतः सोसायटीच्या आवारात, कुंपणाच्या कोपऱ्यात, ते जमिनीत लावले. कुंपणाच्या भिंतीपासून पुरेसे अंतर तिने पावलांनी मोजून घेतले. पाऊस संपल्यापासून त्याला पाणी घालण्याचे काम मी मागून घेतले आहे. रोज सकाळी एक बादली. त्या वेळी मला त्या फणसाची आठवण होते, आणि नळ वाहता न ठेवण्याची काळजी मी घेतो.